गिटारचा नेक हाताने घडवायचाय? मग हत्यारं अशी निवडा

पहिली गिटार बनवायला घेतली की बरेच जण आधी हत्यारांची लांबलचक यादी करतात आणि त्यातली अर्धी हत्यारं पुढे कपाटातच पडून राहतात. रेडीमेड सेट तर घेऊच नका, स्पष्टच सांगतो. हाताने आकार द्यायचं काम गिटारमध्ये तसं मोजक्याच ठिकाणी असतं, नेक म्हणजे हातात धरायचा लांब दांडा, हील म्हणजे नेक बॉडीला मिळतो तिथला जाड भाग, हेडस्टॉक म्हणजे तारा ताणायच्या खुंट्यांचं डोकं, त्याच्याजवळचं वळण, अकूस्टिक असेल तर आतले ब्रेस, म्हणजे वरच्या फळीला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या, इलेक्ट्रिक असेल तर बॉडीला पोटाकडून आणि हाताखाली दिलेले उतार. यातलं आपण काय करणार ते आधी ठरवा आणि मग प्रत्येक हत्यार घेताना स्वतःला विचारा, हे मागे कसली खूण सोडणार आणि ती खूण पुढच्या हत्याराने निघेल का? लाकूड किती झटपट निघतं ते नंतर बघू, कारण जास्त वेळ लाकूड काढण्यात जात नाही, ओरखडे काढण्यात जातो.

नेकपासूनच सुरू करू, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. कापून घेतलेला नेक चौकोनी असतो, त्याच्या कडा उतरवायला दोन रस्ते, स्पोकशेव्ह नाहीतर रास्प, म्हणजे सुटे टोकदार दाते असलेली लाकडाची कानस. स्पोकशेव्ह म्हणजे दोन्ही बाजूंना मुठी असलेला छोटा रंधाच, तो छिलके काढतो आणि मागे गुळगुळीत लाकूड सोडतो, त्यामुळे धार चांगली असेल तर पुढे फार काम उरत नाही. तळ सपाट असलेला आणि तळ गोलसर असलेला असे दोन प्रकार मिळतात. सपाट तळाचा नेकच्या लांब भागासाठी, गोल तळाचा हीलच्या आतल्या वळणासाठी. एकच घ्यायचा तर सपाटच घ्या, वळणं रास्पने होतात. आणि पातं खालीवर करायला दोन स्क्रू असलेलाच बघा, स्टॅनली १५१ मध्ये असतात तसे, कारण मग पातं एका बाजूला किंचित जास्त बाहेर काढून ठेवता येतं, म्हणजे त्याच पात्याच्या एका टोकाने जाड छिलका काढायचा आणि दुसऱ्याने पातळ, सारखं थांबून सेटिंग बदलायला नको.

स्पोकशेव्हची अडचण एकच, त्याला लाकडाचे रेषे कुठे चाललेत ते बघून चालवावं लागतं. साधारण नियम असा की जाड भागाकडून बारीक भागाकडे जायचं, म्हणजे हीलकडून नेकच्या मधल्या भागाकडे. सरळ रेषांच्या लाकडात हे मस्त चालतं, पण महोगनीत एक पट्टा एका दिशेने आणि शेजारचाच उलट्या दिशेने जातो, आणि फ्लेम मेपल तर विचारूच नका, लाटेसारखे रेषे असतात त्यामुळे पातं कुठे ना कुठे उलटं जातंच आणि सालपट उचकटून खड्डा पडतो. असलं लाकूड निवडलं असेल तर स्पोकशेव्हवर पैसे घालण्याआधी रास्प घ्या, रास्पला रेषांच्या दिशेचं फारसं काही पडलेलं नसतं.

रास्प निवडताना मात्र खरंच नीट बघा, कारण फरक वरून दिसत नाही. मशीनने पाडलेल्या स्वस्त रास्पचे दाते रांगेत असतात, मागचा दाता पुढच्याच्याच वाटेने जातो आणि लाकडात खोल समांतर चर पडतात. हाताने दाते पाडलेल्या रास्पमध्ये ते थोडे वेडेवाकडे असतात, म्हणून चर एकमेकांवर पडत नाहीत आणि पृष्ठभाग एकसारखा राहतो. फ्रान्सचे ओरियू आणि लिओजिए हे अशा रास्पसाठी प्रसिद्ध, त्यांच्याकडे दात्यांना नंबर असतो, नंबर जेवढा मोठा तेवढे दाते बारीक. नेकसाठी ९ च्या आसपासचा अर्धगोल रास्प घेतला की बहुतेक काम होतं, हीलचं वळण साफ करायला १३ सारखा बारीक असेल तर चैन. निकोल्सनचे ४९ आणि ५० हे नंबर पण लोक शोधत असतात, तिथे ४९ जाड आणि ५० बारीक. महाग वाटत असेल तर शिंटो बघा, हॅकसॉची पाती जाळीसारखी जोडून बनवलेला जपानी रास्प, एक बाजू जाड, एक बारीक, भुसा अडकत नाही आणि लाकूड भराभर निघतं. पण तो सपाट आहे, आतल्या वळणात जात नाही, आणि जाड बाजू जरा जपूनच.

इथे एक गंमत सांगतो, नेक गोल करायचाय म्हणून गोल हत्यार लागत नाही. बाहेरचा फुगीर आकार सपाट हत्यारानेच नीट येतो. आधी पेन्सिलने रेघा मारून दोन्ही कडा तिरक्या सपाट उतरवायच्या, मग राहिलेले कोपरे पुन्हा तसेच, असं करत करत पैलू लहान होत जातात आणि शेवटी गोलाई आपोआप येते. अर्धगोल रास्पची गोल बाजू फक्त आतल्या वळणांना. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा टेम्प्लेट, म्हणजे हव्या त्या गोलाईचा कापलेला साचा, लावून बघत रहा, आणि ट्रस रॉडच्या, म्हणजे नेक वाकू नये म्हणून आत बसवलेल्या धातूच्या सळईच्या, खाचेखाली किती लाकूड उरलंय ते सुरुवातीलाच मोजून लिहून ठेवा, कारण बऱ्याच नेकची जाडी पहिल्या फ्रेटपाशी २०-२२ मिमीच असते.

शेवटचा अर्धा मिलीमीटर तरी रास्पने काढू नका, तो स्क्रॅपरचा. स्क्रॅपर म्हणजे नुसती स्टीलची पट्टी, या सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. नेकसाठी पातळ घ्या, ०.४ ते ०.६ मिमी, अंगठ्याने सहज वाकते, ०.८ ची पट्टी ताठ असते आणि थोड्या वेळात बोटं दुखायला लागतात. सोबत बर्निशर हवाच, म्हणजे कडक स्टीलचा गुळगुळीत दांडा, कारण स्क्रॅपरची धार म्हणजे कडेवर वळवलेली बारीक किनार. कड कानशीने काटकोनात सपाट करायची, दगडावर घासायची, मग बर्निशर थोडा तिरका धरून दाबून फिरवायचा. छिलके येत असतील तर किनार ठीक आहे, नुसती पावडर यायला लागली की परत करा. मेपल, रोझवुड, एबनीवर सुंदर चालतो, स्प्रूससारख्या मऊ लाकडावर मात्र तितका नाही.

आता ब्रेस. त्यांना रास्प लावू नका, १२ मिमीची पटाशी आणि एक छोटा फिंगर प्लेन, म्हणजे बोटांत धरायचा चिमुकला रंधा, पुरे. पटाशीची पाठ सपाट आहे का ते आधी बघा आणि धार २५ अंशांच्या आसपास ठेवा, स्प्रूस मऊ आहे, बोथट पटाशीने ते कापलं जात नाही, चेंगरतं. खाली जेमतेम ३ मिमीचा टॉप, म्हणजे गिटारची वरची फळी, असतो त्यामुळे पटाशीचा कोपरा टॉपला लागणार नाही असा हात धरा. फिंगर प्लेन घेताना फुगीर तळाचा घेऊ नका, तो आर्चटॉपचा, म्हणजे फुगीर टॉपच्या गिटारचा, टॉप कोरायला, साध्या ब्रेसला सपाट तळाचाच.

फिंगरबोर्डला, म्हणजे नेकवरच्या फ्रेट बसवलेल्या पट्टीला, रेडियस ब्लॉक लागतो, म्हणजे तिला हलकी गोलाई द्यायला सँडपेपर लावायचा खोलगट ठोकळा. त्याच्या गोलाईची त्रिज्या तुमच्या डिझाइननुसार, जुन्या फेंडर कंपनीच्या गिटारसारखं हवं तर ७.२५ इंच, आताच्या बऱ्याच फेंडरना ९.५, गिब्सनच्या वळणाला १२. फ्रेटच्या आणि नटच्या (हेडस्टॉकजवळची तारा टेकायची खाचांची पट्टी) कानशी वेगळ्या, त्या आता घ्यायची घाई नको.

डावखुरे असाल तर ऑर्डर करताना सांगा, हाताने पाडलेले रास्प डाव्या हातासाठी वेगळे बनवून मिळतात. आणि कुठलाही रास्प तारेच्या ब्रशने घासू नका, दाते बोथट होतात, नायलॉनचा ब्रश वापरा, आणि ड्रॉवरमध्ये एकमेकांवर टाकण्यापेक्षा प्रत्येकाला कापडात गुंडाळून ठेवा. रोझवुड घासताना मास्क लावा, त्याच्या धुळीची बऱ्याच जणांना ॲलर्जी असते.