जमिनीतील गांधीलमाश्यांचे पोळे आढळल्यास काय करावे

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या ज्या गांधीलमाशीला इंग्रजीत ‘यलो जॅकेट’ म्हणतात, ती आपले पोळे बहुधा उंदरांच्या जुन्या बिळात, कुजक्या ओंडक्याखाली किंवा झुडपाच्या मुळाशी करते, त्यामुळे पाय पडेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

पोळे पाहताच ते नष्ट करण्याच्या मागे लागू नये. या माश्या आपल्या पिल्लांसाठी अळ्या आणि इतर कीटक मोठ्या संख्येने मारून नेतात. शिवाय थंड प्रदेशात कडाक्याची थंडी पडली की नव्या राण्यांखेरीज सारी वसाहत मरते आणि जुने पोळे सहसा पुन्हा वापरले जात नाही. ते वाटेपासून दूर असेल, तर भोवती काठ्या रोवून दोरी बांधावी आणि तेवढा हंगाम जाऊ द्यावा.

चुकून पाय पडून माश्या उठल्याच, तर चेहरा झाकून सरळ रेषेत पळावे आणि घरात किंवा गाडीत शिरावे. हात झाडू नयेत, माशी चिरडू नये. तिच्या विषातील गंधाने इतर माश्या अधिकच चवताळतात. मधमाशीची नांगी डंखानंतर तुटून राहते, हिची राहत नाही, म्हणून एकच माशी अनेकदा डंख मारू शकते.

पोळे वाटेवरच असेल, तर खरे काम भोक शोधण्याचे आहे, आणि नेमके तेच लोक घाईने उरकतात. मीही तसेच केले होते. एक भोक दिसले, संध्याकाळी त्यात पावडर टाकली, आणि दुसरे भोक माझ्या डाव्या टाचेपासून वीतभर अंतरावर, गवताच्या झुपक्याखाली होते. विजारीच्या आत शिरलेल्या माश्यांनी मला सात डंख मारले. तेव्हापासून मी आदल्या दिवशी, भर उन्हात, सहा-सात मीटर दूर बसून अर्धा तास नुसती पाहत राहते. माश्या ये-जा करतात ती हवेतली रेघ सूर्य समोर असला की स्पष्ट दिसते. ती जमिनीला टेकते तिथे भोक असते. एक रेघ सापडली म्हणून उठू नये. जागा बदलून दुसऱ्या बाजूनेही तितकाच वेळ पाहावे. भोकाजवळ जाऊन खूण करण्याचा मोह टाळावा, कारण पावलांचा हादरासुद्धा त्यांना कळतो; जवळचा दगड किंवा रोपटे हीच खूण लक्षात ठेवावी. परतीची वाटही तेव्हाच ठरवावी आणि त्यावरचे अडथळे काढून टाकावेत.

पावडर टाकणे त्यामानाने सोपे आहे. अंधार पडून ये-जा थांबल्यावर, अंग पूर्ण झाकून, विजारीचे पाय मोज्यांत खोचून, गांधीलमाश्यांसाठीच असलेली कीटकनाशक पावडर वेष्टनावरील सूचनांनुसार प्रत्येक भोकाच्या तोंडाशी टाकावी आणि लगेच निघून यावे. विजेरी हातात धरू नये, कारण माश्या उजेडाकडे झेपावतात. ती लाल कागद लावून बाजूला जमिनीवर ठेवावी.

पेट्रोल ओतण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ठामपणे नाकारावा: त्यात आगीचा धोका आहे आणि माती विषारी होते. भोक दगडाने बुजवणेही चूकच, कारण माश्या माती उकरून दुसरीकडून निघतात. पोळे भिंतीच्या पोकळीत असेल, तर त्या घराच्या आतही निघू शकतात. अशा भिंतीतल्या पोळ्याला स्वतः हात लावू नये, व्यावसायिकालाच बोलवावे. ज्यांना पूर्वी डंखाची ॲलर्जी झाली आहे, त्यांनी तर कोणत्याही पोळ्याजवळ जाऊ नये.

डंख बसल्यास जागा साबणाने धुऊन थंड पट्टी ठेवावी. मात्र श्वास लागणे, ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, अंगभर गांधी उठणे किंवा चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले, तर जवळ ॲड्रेनलिनचे इंजेक्शन असल्यास ते लगेच घ्यावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. डंख खूप बसले असतील, तर ॲलर्जी नसली तरी रुग्णालयात जावे.

पावडर टाकल्यानंतर एक दिवस जाऊ द्यावा आणि पुन्हा उन्हात दुरूनच पाहावे. एखादी जरी माशी भोकातून बाहेर पडताना दिसली, तर उकरू नये; त्या रात्री पुन्हा पावडर टाकावी. सलग दोन दिवस ये-जा नसेल, तेव्हाच भोक मातीने भरून वरून दाबून घ्यावे.