काँक्रीटच्या भिंतीसाठी ड्रिल घेताय? या चुका टाळा

विटांच्या भिंतीत लोण्यासारखं शिरणारं ड्रिल नव्या फ्लॅटमध्ये अर्ध्या इंचावर अडतं, बिटचं टोक निळं पडतं आणि जळका वास येतो. अशा वेळी मशीनला शिव्या देण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. जुन्या इमारतीत कॉलम, बीम आणि स्लॅब तेवढे काँक्रीटचे, मधल्या भिंती विटांच्या. मायवान पद्धतीत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतीत, आतल्या बहुतेक भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि पुट्टीखाली लगेच काँक्रीट लागतं. नक्की कळत नसेल तर कोपऱ्यात, कपाटामागे ५ मिमीचं छोटं भोक पाडून भुकटी बघा. लाल आली तर वीट. फिकट, मऊ आणि भराभर आली तर हलका एएसी ब्लॉक. करडी, बारीक आणि कष्टाने आली तर काँक्रीट.

वॅट बघून मशीन घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. दुकानदार ६५० वॅट, ७५० वॅट सांगतो. पण काँक्रीट फोडतो तो ठोका, आणि ठोक्याचा जोर ज्यूलमध्ये मोजतात. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्यांची जोडी असते. त्या एकमेकींवरून घसरत मिनिटाला ४०-५० हजार बारीक ठोके देतात. प्रत्येक ठोका किरकोळ, त्यात जोर किती हे तुम्ही मागून किती रेटता त्यावर ठरतं. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर आतला ठोकळा बिटच्या बुडावर आदळतो. मिनिटाला चारेक हजारच ठोके, पण एकेक दणदणीत. म्हणून ८०० वॅटचा रोटरी हॅमर जे भोक काही सेकंदांत पाडतो, तिथे जवळपास तेवढ्याच वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल घाम काढतं.

घरासाठी ‘एसडीएस-प्लस’ पकडीचा (खाचा असलेला बिट नुसता ढकलून बसतो ती पकड), २ ते २.७ ज्यूलचा रोटरी हॅमर घ्या. ६ ते १२ मिमीची भोकं, म्हणजे पडद्याचे रॉड, टीव्हीचा ब्रॅकेट, गीझर, एसीचा स्टँड, सगळं त्यात होतं. ५ किलोचं तोडफोडीचं मशीन घेऊ नका. ६ मिमीच्या भोकाला ते जड पडतं. वर्षातून दोन-चार भोकं पाडायची असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून भाड्याने आणलेलं बरं. भिंती विटांच्या आणि काँक्रीटमध्ये क्वचितच एखादं ६ मिमीचं भोक, एवढंच काम असेल तर इम्पॅक्ट ड्रिलवरही भागतं.

एक घोळ नेहमी होतो: इम्पॅक्ट ड्रायव्हर. नाव सारखं वाटलं तरी त्याचा ठोका गोल फिरण्याच्या दिशेने बसतो, स्क्रू आवळायला. काँक्रीटमध्ये भोक पाडायचं ते मशीन नव्हे.

बिट आणि पकड

किटमध्ये फुकट आलेले बिट बहुधा लाकूड-लोखंडाचे असतात. काँक्रीटला कार्बाइडचं टोक लागतं. एसडीएस बिट पकडीत थोडा पुढे-मागे हलतो. तो हललाच पाहिजे, सैल म्हणून परत करू नका. बुडाला किंचित ग्रीस लावा. साधा चक, म्हणजे गोल बिट आवळून धरणारी पकड, अडॅप्टरने बसवून हॅमर मोड (फिरण्यासोबत ठोके) चालवला तर चक खिळखिळा होतो. तो फक्त लाकूड आणि पत्र्यासाठी. मोडचं बटण मशीन पूर्ण थांबल्यावरच फिरवा, नाहीतर आतले गियर जातात. तापलेला बिट पाण्यात बुडवू नका, कार्बाइडला तडा जातो.

बिट एकाएकी पुढे जाईना

भोक छान चाललं होतं आणि २०-४० मिमी खोलीवर अडलं, आवाज टणटणीत झाला, भुकटीत चमकते कण दिसले, तर सळई लागली आहे. जोर लावू नका. दोन धारांचा बिट सळईत अडकला तर मशीन मनगट पिरगाळतं. म्हणून बाजूचा दांडा लावलेलाच हवा, आणि सेफ्टी क्लच (बिट अडकला की फिरण्याचा जोर तोडणारा) असलेलंच मशीन घ्यावं. भोक ४-५ सेंमी सरकवा, जुनं भोक सिमेंटने बुजवा. कॉलम किंवा बीममधली सळई कापायची नाहीच. स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल, तर सोसायटी किंवा बिल्डरकडून नकाशा मिळाल्याशिवाय छताला हात लावू नका. स्विचबोर्डच्या सरळ वर-खालीही भोक नको. वायरचे पाइप बहुतेक त्याच रेषेत काँक्रीटमध्ये गाडलेले असतात.

भोक पडलं, पण गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) फिरते

कारणं ठरलेली आहेत. बिट वाकडातिकडा धरल्याने तोंड मोठं झालं, किंवा भोकात भुकटी राहिल्याने गिट्टी पूर्ण आत गेली नाही. ८ मिमीच्या गिट्टीला ८ चाच बिट. भोक गिट्टीपेक्षा १० मिमी खोल पाडा, खोली बिटवर टेप गुंडाळून मोजा. मग भोकात पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकलं तर भुकटी थेट डोळ्यांत. जुन्या घरात १२-१५ मिमी प्लास्टर असतं आणि ते वजन पेलत नाही, म्हणून गिट्टी त्याच्या आत, काँक्रीटमध्ये बसवा आणि स्क्रू तेवढा लांब घ्या. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर मोड बंद ठेवून नुसतं फिरवा, नाहीतर भोक बिटपेक्षा मोठं होतं. टाइल असेल तर आधी हॅमरशिवाय काचेच्या बिटने टाइल पार करा, मगच हॅमर सुरू करा.

चष्मा आणि एन-९५ मास्क लावूनच काम करा. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठते. आणि एक्स्टेंशनचं रीळ पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते.