घरच्या कॅमेऱ्याचा माइक: कधी बंद करावा, चालू ठेवायचा तर कसा

घरी सीसीटीव्ही बसवताना सगळं लक्ष चित्राकडे असतं. फाटक दिसतं का, रात्री स्पष्ट येतं का, गाडीचा नंबर वाचता येतो का. आवाज कोणी मागितलेला नसतो, तो कॅमेऱ्याबरोबर येतो. आजकालच्या बहुतेक वायफाय कॅमेऱ्यांत माइक असतोच, आणि पुष्कळदा तो पहिल्या दिवसापासून चालू असतो.

गोव्यात ही गोष्ट जरा जास्त नाजूक, कारण आपली घरं दर्शनी बाजूलाच बोलकी. संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, शेजारी येऊन बसतात, पोदेर पाव देता देता चार घरच्या खबरी सांगतो, नारळ पाडणारा पाडेली पैसे घेताना कोणाच्या भाटाचा, म्हणजे बागायतीचा, वाद कुठवर आला ते बोलून जातो. चोर पकडायला यातलं काहीच लागत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: आधी माइक बंद करा. खरंच गरज दिसली तर मग विचार करून चालू करा.

१. कुठवरचं ऐकू येतं ते तपासा

घरातल्या एकाला फाटकाशी, मग कुंपणापलीकडे, मग रस्त्यावर उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा आणि रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. भिंगाला कोन असतो, माइकला तसा नसतो. चौकटीत न दिसणाऱ्या माणसाचं बोलणंही तो टिपतो. शेजाऱ्याची खिडकी दिसू नये म्हणून चित्रावर काळा चौकोन टाकता येतो, पण त्या खिडकीतून येणारा आवाज त्याने अडत नाही. पावसाळ्यात मात्र छपराच्या नळ्यांवर (कौलांवर) सर कोसळू लागली की माइक असून नसल्यासारखाच.

२. माइक खरोखर बंद करा

इथे बरेच जण फसतात. थेट दृश्य पाहताना स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवलं की फक्त तुमचा फोन गप्प होतो, रेकॉर्डिंगमध्ये आवाज जातच राहतो. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये त्या कॅमेऱ्यापुरतं 'ऑडिओ' किंवा 'मायक्रोफोन' शोधा आणि तिथे बंद करा. दारावरच्या माणसाशी बोलण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत वेगळी असते. ती ठेवूनही रेकॉर्डिंगमधला आवाज बंद करता येतो का ते पाहा.

डीव्हीआर (वायरवाल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) असेल तर रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये 'व्हिडिओ आणि ऑडिओ'ऐवजी नुसतं 'व्हिडिओ' निवडा, आणि मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्रण) व सब स्ट्रीम (हलक्या दर्जाचं) दोन्हींत निवडा. "आमचे वायरवाले कॅमेरे, त्यांना कुठला माइक?" असं समजू नका. काही नवे कॅमेरे त्याच केबलमधून आवाजही पाठवतात. शेवटी मिनिटभराची क्लिप काढून ऐका. अ‍ॅप किंवा कॅमेरा अपडेट झाला, रीसेट झाला, की ही तपासणी पुन्हा करा. बसवून देणाऱ्याने ठेवलेला पासवर्डही त्याच दिवशी बदला.

३. कायदा कुठे उभा आहे ते समजून घ्या

घरच्या कॅमेऱ्यातल्या आवाजासाठी म्हणून वेगळा कायदा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ ही खासगी चित्रणाबद्दल आहेत. पण म्हणून रान मोकळं असं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आहे. आपण स्वतः भाग घेतलेलं संभाषण टिपणं वेगळं आणि आपण तिथे नसताना दोघांचं बोलणं टिपत राहणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत तुमची बाजू फारच लंगडी पडते.

४. घरच्या माणसांना विचारा

वर्षभर बंद असलेल्या वडिलोपार्जित घरावर मुंबईतला एक भाऊ नजर ठेवतो, ते ठीकच. पण चवथीला सगळी भावंडं जमतात, आतल्या साल्यात, म्हणजे दिवाणखान्यात, हिश्शाच्या गोष्टी निघतात आणि ते सगळं एकाच्या फोनवर जमा होतं. सामाईक घराच्या आतल्या भागात सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय सीसीटीव्ही चालवणं म्हणजे त्यांच्या खासगीपणाचा भंग, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तेव्हा माणसं घरात असताना आतले कॅमेरे प्लगमधून काढून ठेवलेले बरे. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही कॅमेरा कुठे आहे आणि तो ऐकतो का, ते आधीच सांगा.

५. पाहुणे ठेवत असाल तर

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागू नाही. खोल्या भाड्याने दिल्या की तो वापर घरगुती राहत नाही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, पण तोवर थांबण्याचं कारण नाही. खोलीत कॅमेरा नकोच. फाटकावर आणि पार्किंगमध्ये असेल तर पाटी लावा, बुकिंग घेताना लेखी कळवा आणि माइक बंद ठेवा.

६. पुरावा लागला तर

घटना टिपली गेली असेल तर पहिलं काम मूळ रेकॉर्डिंग वाचवण्याचं, कारण कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं चढतं. मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवा किंवा क्लिप उतरवून घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहता येणारा तिचा सांकेतिक आकडा) येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला व्हिडिओ मूळ फाइलसारखा राहत नाही. शिवाय वाड्याच्या ग्रुपवर टाकलेल्या क्लिपमध्ये तिसऱ्याच कोणाचं बोलणं असेल तर नवं लचांड तुमच्याच गळ्यात.

शेजाऱ्याचा कॅमेरा तुमच्याकडे वळलेला असेल तर

आधी जाऊन बोला. नाहीच जमलं तर तारीख घालून पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि कॅमेऱ्याचा रोख दाखवणारे फोटो तुमच्या अंगणातून काढून ठेवा. न्हाणीघर किंवा निजायची खोली दिसत असेल तर पत्रात वेळ घालवू नका, थेट पोलीस ठाणं गाठा. बाकी बाबतीत मागणी नेमकी ठेवा. "कॅमेरा काढा" म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो. "रोख तुमच्या फाटकापुरता ठेवा, माइक बंद करा आणि एक क्लिप काढून आम्हाला ऐकवा" ही मागणी पाच मिनिटांत पुरी करण्याजोगी असते.