ट्रम्पेट बाजूला ठेवून आरसा घेतला

माझ्याकडे ट्रम्पेट शिकणाऱ्या एका मुलाचा आवाज खाली ठीक, पण सूर जरा वर गेले की चिरका व्हायचा आणि मग बंदच पडायचा. मी आधी नुसतं "अरे, ओठांवरचा दाब कमी कर" म्हणत राहिलो. चूक माझीच. दाब हा परिणाम होता, मूळ दोष वेगळाच होता.

एकदा त्याने वाद्य खाली ठेवलं आणि ओठावरची खूण दिसली: माउथपीसची (वाद्याचा ओठांना लावायचा भाग) वरची कड थेट ओठाच्या लाल भागात रुतलेली. शिवाय वर जाताना तो हसल्यासारखे कोपरे ताणायचा. ओठ पातळ होतात, नीट थरथरत नाहीत, मग हात आपोआप दाबतो.

आरशासमोर बसलो. 'म' म्हणताना मिटतात तसे ओठ, कोपरे घट्ट पण जागच्या जागी, हनुवटी सपाट. माउथपीस किंचित वर, कड लाल भागाच्या बाहेर. आधी नुसत्या माउथपीसवर बझिंग (ओठ थरथरवून आवाज काढणं), मग पाश्चात्य स्वरलिपीतल्या दुसऱ्या रेषेवरचा जी हा सूर, हळू आवाजात, लांबवत. एका वेळी पाचच मिनिटं, आणि तितकीच विश्रांती. दमलेले ओठ लगेच जुन्या सवयीकडे पळतात.

पहिले दोन आठवडे आवाज आधीपेक्षा वाईट. "सर, हे तर बिघडतंय," तो अगदी रडवेला. (कार्यक्रम तोंडावर असता तर मी हा बदल सुरूच केला नसता.) चौथ्या आठवड्यात चौथ्या रेषेवरचा डी न ताणता निघाला. त्यावरचे सूर अजून कच्चे आहेत.