तारखांची वजाबाकी: अकाउंट्सला नव्याने लागणाऱ्यांसाठी

बी.कॉम. होऊन भोसरी-चाकणकडे अकाउंट्सला लागलात की पहिल्याच आठवड्यात एक्सेलमधल्या तारखा अंगावर येतात. बिल कधीचं, पैसे कधी आले, मधे दिवस किती? फॉर्म्युला म्हणाल तर नुसती वजाबाकी: नंतरच्या तारखेच्या सेलमधून आधीचा सेल वजा. उत्तरात १९०० सालची तारीख दिसली तर सेलचं फॉरमॅट ‘जनरल’ करा. एक्सेलच्या लेखी तारीख हा आकडाच असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३.

खरी गोम तारीख भरण्यात आहे. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०४/२०२४ टाइप केल्यावर ती ४ मे होते. २९ दिवसांचा फरक, आणि एरर काहीच नाही! १३/०४/२०२४ मात्र तारीख होतच नाही, टेक्स्ट म्हणून सेलच्या डावीकडे चिकटून राहते. बाहेरून शीट आलं की मी आधी कॉलम रुंद करून डावीकडे कोण बसलंय ते बघते. एक जरी सापडलं तरी उरलेल्या तारखांवर विश्वास ठेवत नाही, मूळ फाइल मागवते.

वजाबाकीत पहिला दिवस धरला जात नाही. बिलाच्या थकबाकीला ते ठीक. पण १ ते ५ तारखेची रजा ४ दिवस येते, तिथे अधिक १ करायचं.

कामाचे दिवस मोजायला ‘नेटवर्कडेज’ आहे. ते दोन्ही टोकं धरतं, पण शनिवार-रविवार सुट्टी समजतं. आपल्याकडे एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी गुरुवारची सुट्टी! तिथे ‘नेटवर्कडेज डॉट इंटल’ घ्या आणि तिसऱ्या जागी १५ लिहा, म्हणजे फक्त गुरुवार वगळला जातो. एप्रिल २०२४ चे साध्या फॉर्म्युल्याने २२ दिवस येतात, याने २६. चौथ्या जागी सुट्ट्यांची यादी दिली की ९ तारखेचा पाडवाही वजा होतो. पगाराच्या शीटमध्ये हा फरक थेट माणसाच्या खिशाला लागतो, म्हणून सुट्टीचा वार एचआरला विचारूनच घ्या.

सूक्ष्म-लघु उद्योगांच्या बिलांना कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि लेखी करार नसेल तर १५. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, त्यामुळे बिलाच्या तारखेशेजारी स्वीकारल्याच्या तारखेचा कॉलम हवाच. थकीत बिलांना ‘टुडे’ हा आजची तारीख आपोआप देणारा फॉर्म्युला वापरा, पण साहेबांना पाठवायच्या प्रतीत आजची तारीख हाताने टाका. नाहीतर ते उद्या फाइल उघडतील तेव्हा आकडे बदललेले असतील.