मजला चढवायचा असेल तर आधी मालमत्ता पत्रक काढा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या वडिलोपार्जित घरावर एक मजला चढवण्यासाठी मी केलेला अर्ज पहिल्याच छाननीत परत आला आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. परवानाधारक अभियंता नेमणे, नकाशे काढणे हे सगळेच करतात. त्याच्याही आधी मालमत्ता पत्रकाचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा काढून त्यावरचे प्रत्येक नाव वाचावे. घरफाळ्याची पावती माझ्या नावाने येत असल्यामुळे मी निर्धास्त होतो, परंतु घरफाळा हा कर आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पत्रकावर अजून दिवंगत वडिलांचेच नाव होते. मृत्युपत्र नसेल तर आई, भाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीही वारस ठरतात. त्यामुळे नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून सर्व सहमालकांची लेखी संमती मिळवणे हे काम नकाशाच्या आधीचे आहे. संमतीचा विषय सणाच्या पंगतीत मात्र काढू नये.

त्यानंतर जुना मंजूर नकाशा शोधावा, कारण मागे गुपचूप वाढवलेली खोली किंवा शेड त्यात नसेल तर ती याच वेळी उघडी पडते. २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे किती चटईक्षेत्र (जागेवर बांधता येणारे एकूण क्षेत्र) शिल्लक आहे आणि सामासिक अंतरे (घराभोवतीची मोकळी जागा) किती सोडावी लागतात, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. पेठेतल्या दाट वस्तीचे नियम वेगळे असल्याने उपनगरातल्या पाहुण्यांचा सल्ला इथे कामाचा नाही. जुन्या भिंती नवा भार पेलतील, असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखलाही हवा. घर पंचगंगेच्या बाजूला असेल तर पूररेषा पाहावी. निळी रेषा नेहमीच्या पुराची, लाल रेषा मोठ्या पुराची; निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होत नाही आणि निळ्या-लाल रेषांच्या दरम्यान अटी लागतात. २०१९ आणि २०२१ चे पाणी पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको.

फाइल देण्याच्या आदल्या दिवशी मालमत्ता पत्रक पुन्हा वाचावे; नाव, सिटी सर्व्हे नंबर आणि क्षेत्र तिन्ही जुळले पाहिजेत.

साठ दिवसांत उत्तर आले नाही की परवानगी मिळालीच, असे सांगणारे भेटतील. अशी मानीव (मिळाली असे धरलेली) परवानगी नियमांत बसणाऱ्या बांधकामालाच असते, आणि १९६६ च्या नगररचना कायद्यात विनापरवाना बांधकाम पाडण्याची तरतूद आहे. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, हातात येईपर्यंत वीटही आणू नये. ते एक वर्षच चालते, मुदतीआधी नूतनीकरण करावे. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र (वापराची परवानगी), मग घरफाळ्याची नवी आकारणी.