पीसी तापतोय? नुसता ब्लोअर मारून भागणार नाही

कॅबिनेट उघडायचं, ब्लोअर मारायचा, धूळ उडाली की झालं, असंच सगळे सांगतात आणि थोड्या दिवसांत पंखा परत घरघरायला लागतो. कारण त्रास देणारी धूळ वरून दिसतच नाही, ती सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) पंख्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांवर लोकरीसारखी जाड बसलेली असते आणि हवा तिथेच अडते. म्हणून कूलर, म्हणजे हा पंखा आणि हीटसिंक, काढायचाच.

आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा (का ते पुढे सांगतो), मग बंद करून वायर काढा आणि पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा. फिल्टर, कॅबिनेटचे पंखे, रॅमच्या आसपास ब्रश आणि ब्लोअर. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, स्टॅटिकचा धोका असतो. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तर उघडायचाच नाही, बंद असला तरी आत चार्ज राहतो, बाहेरच्या जाळीतूनच हवा मारा.

आता कूलर. एएमडीच्या एएम४ बोर्डवर (एएम४ हा प्रोसेसर बसवायच्या सॉकेटचा, म्हणजे खाचेचा, प्रकार) पिना प्रोसेसरलाच असतात, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढलात तर लॉक लावलेल्या सॉकेटमधून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. गरम पेस्ट जरा सैल होते, त्यासाठीच ती दहा मिनिटं. स्क्रू काढल्यावर कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरवा, सुटला असं जाणवलं की मगच उचला.

इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि मला सगळ्यात जास्त त्यांनीच छळलंय. बाणाच्या दिशेने फिरवलं की पिन सुटते, लॉक होत नाही, इथेच लोक उलटं करतात. परत बसवताना आधी चारही पिना बाणाच्या उलट फिरवून घ्या, मग समोरासमोरच्या तिरक्या दोन एकदम दाबा, टक् आवाज आला पाहिजे, मग उरलेल्या दोन. शेजारशेजारच्या दाबल्या की कूलर एका बाजूला उचलला जातो. बोर्डच्या मागून बघता आलं तर चारही टोकं बाहेर आलीत का ते बघाच.

कूलर निघाला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा आणि प्रोसेसरवर मधोमध मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा. जुन्याच पेस्टवर कूलर बसवायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका, एकदा उचललं की मध्ये हवा शिरते.

पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा. सुरू केल्यावर लगेच बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) टेम्परेचर बघा, काही न करता आकडा भराभर नव्वदकडे जात असेल तर बंद करा, बहुतेक कूलरची एखादी पिन किंवा स्क्रू नीट बसलेला नाही. कूलर काढून, पेस्ट पुसून परत बसवा.